ट्रफलच्या आधी आमच्या रोयणी वाचवा

प्रति,
गोव्याची शेती, वने आणि जैवविविधता यांचे निर्णय ज्यांच्या हाती आहेत ते मंत्री, अधिकारी आणि मंडळाचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

सत्तरी तालुक्यातल्या आमच्या भागात सध्या ट्रफल, म्हणजे झाडाच्या मुळांशी जमिनीखाली येणारी महागडी खाण्याची बुरशी, हिच्या लागवडीचा प्रचार चालू आहे. एका खाजगी कंपनीची माणसे रंगीत पत्रके घेऊन घरोघरी फिरतात. मुळांना ट्रफलची बुरशी लावलेली ओकची रोपे देऊ, रोपामागे आगाऊ पैसे भरा, काही वर्षांनी परदेशातल्या भावाने माल उचलू, असे सांगतात. कंपनीचे नाव मी लिहीत नाही, कारण हे पत्र तिला नाही, आपल्याला आहे. काजूचा भाव पडलेला, गवे आणि माकडे बागेत ठेवू देत नाहीत ते वेगळेच. अशा वेळी कोणी एकरी लाखांची भाषा केली की माणूस ऐकतो. आमच्यातले काहीजण कर्ज काढायच्या बेतात आहेत. पण हे पीक गोव्यात होते का, हे अधिकाराने सांगणारा एकही माणूस अजून आमच्या वाड्यावर आलेला नाही.

त्याहून जास्त लागलेली गोष्ट पुढची आहे. लागवडीसाठी ज्या भरड जमिनीकडे बोट दाखवले गेले, तिथल्या रोयणी आधी मशीन लावून सपाट कराव्या लागतील, असे आम्हाला सांगण्यात आले. रोयण म्हणजे वारूळ, हे आपल्याला सांगायला नको. त्या रोयणींवर पावसात अळमी, म्हणजे खाण्याच्या रानटी छत्र्या (मशरूम), येतात. बाहेरची बुरशी आणण्यासाठी घरची बुरशी मोडायची, हा व्यवहार मला मान्य नाही.

मी बागायतदार आहे. म्हादई अभयारण्याच्या कडेला आमचे कुळागर, म्हणजे माड-पोफळीची बाग, आहे, वर काजूचा डोंगर. मृग सरून आर्द्रा लागली की माझी आई पहाटेच्या काळोखात डोंगरावर जायची. कोणत्या रोयणीवर कधी येतात ते तिला पाठ होते. कोयता, कुदळ ती कधी नेत नसे. हाताने, मुळाशी माती न उकरता काढायची आणि प्रत्येक ठिकाणी चार उमललेली तशीच ठेवायची. कोणी विचारले तर म्हणायची, “तीं सातेरीचीं,” म्हणजे आमच्या ग्रामदेवीची. पानात बांधून वाळपईच्या बाजारात नेलेल्या त्या अळम्यांवर आमची शाळेची पुस्तके आली. आजही आमच्या वाड्यावरच्या कितीतरी बायकांच्या हातात वर्षात स्वतःचा म्हणावा असा पैसा येतो तो याच दिवसांत. म्हणून हा विषय माझ्यासाठी शेतीच्या एखाद्या नव्या योजनेपुरता नाही.

ट्रफलविषयी माझ्या मनात आकस नाही, हे स्पष्ट करतो. उलट जिथे ही शेती नव्याने रुजली तिथली हकिकत मी मिळेल तेवढी वाचली आणि त्या लोकांच्या चिकाटीबद्दल मला आदरच वाटतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये जोसेफ तालों नावाच्या शेतकऱ्याने ट्रफल येणाऱ्या ओकखालची फळे पेरली आणि त्या नव्या झाडांखालीही ट्रफल आले. असे का झाले याचा उलगडा व्हायला बरीच वर्षे गेली. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांना प्रशियाच्या सरकारने ट्रफलची लागवड करता येईल का हे तपासायला सांगितले होते. ते साधले नाही, पण त्या शोधातून १८८५ साली त्यांनी मांडले की बुरशी झाडाच्या कोवळ्या मुळांना वेढून राहते आणि दोघे एकमेकांना पोसतात. आज जगभर शिकवला जाणारा हा विषय एका सरकारने ट्रफलबद्दल विचारलेल्या प्रश्नातून वाढला. १९७० च्या दशकात फ्रान्समध्ये मुळांना बुरशी लावलेली रोपे तयार होऊ लागली आणि तिथून ही शेती देशोदेशी गेली. न्यूझीलंडमध्ये पहिले काळे ट्रफल १९९३ साली निघाले, टास्मानियात १९९९ साली. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मंजिमप भागाने तर नंतर मोठी मजल मारली. स्पेनच्या तेरुएल प्रांतात लोक गावे सोडून चालले होते, तिथे सारियोनच्या आसपास ट्रफलच्या बागांनी माणसांना पुन्हा कामधंदा दिला.

पण या सगळ्या ठिकाणी आधी माती तपासली गेली. काळ्या ट्रफलला चुन्याची, अल्कधर्मी माती लागते. सामू साधारण साडेसात ते आठच्या थोडा वर. ऑस्ट्रेलियातल्या बऱ्याच बागांची माती आम्लधर्मी होती, तेव्हा त्यांनी त्यात भरपूर चुनखडी मिसळली. गोव्यातही चुना घालता येईल, असे आमच्याकडे आलेल्या माणसांनी सांगितले. घालता येईलही. आमची जांभ्याची माती आम्ल असते, हे कोणत्याही कृषी अधिकाऱ्याला ठाऊक आहे. पण हिवाळा कुठून आणायचा? त्या बुरशीला कडक थंडीचा ऋतू लागतो, तिच्या ओकला आणि हेझलला पानगळीची विश्रांती लागते. पणजीत जानेवारीतही पारा वीसच्या आसपास थांबतो. आणि आमचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरातला, सत्तरीत त्याहूनही जास्त. चार महिने पाणी वाहून नेणाऱ्या उतारावर मिसळलेला चुना किती पावसाळे टिकेल, याचा हिशेब त्या पत्रकात नाही.

जिथे हवामान जुळते तिथेही पहिले ट्रफल दिसायला पाच ते आठ वर्षे जातात आणि काही बागांत कधीच काही निघत नाही. सत्तरीतल्या माणसाकडे ही आठ वर्षे नाहीत. मोकासोच्या, म्हणजे जुन्या इनामदारीच्या, गावांत ज्याच्या पायाखालची जमीनच अजून त्याच्या नावावर नाही, तो कर्जासाठी काय गहाण टाकणार? दागिने, दुसरे काय!

रोपांची शुद्धता हा आणखी एक धोका आहे. हिमालयात सापडणारी ट्यूबर इंडिकम ही जात दिसायला युरोपच्या काळ्या ट्रफलसारखी. तिचे वर्णन १८९२ साली मसुरीच्या नमुन्यावरून झाले. चीनमधून ती स्वस्तात विकली जाते आणि वासाला, चवीला कमी पडते. इटलीत एका बागेत महागड्या काळ्या ट्रफलऐवजी ही जात मुळांवर वाढलेली आढळली, हे २००८ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे ट्रफलच्या माहेरी, तज्ज्ञांच्या देशातही रोपांत भेसळ शिरली. आमच्या हातात दिलेल्या रोपाच्या मुळावर काय आहे, हे पाहणारी प्रयोगशाळा आणि तो दाखला तपासणारा अधिकारी गोव्यात कोण, हे आपण सांगावे. परकी बुरशी एकदा मातीत गेली की परत बोलावता येत नाही.

आता आमच्या रोयणीकडे येतो. खरे म्हणजे या पत्राला तिथूनच सुरुवात व्हायला हवी होती, पण सरकारी दारात आधी बाहेरच्या पाहुण्याची चौकशी होते.

रोयणीच्या आत वाळवी शेती करते. सुकी पाने, लाकूड, गवत ती चावून आत नेते, विष्ठेतून सच्छिद्र चकत्या रचते आणि त्यांवर टर्मिटोमायसेस नावाची बुरशी वाढवते. लाकडातला जो कठीण भाग तिला पचत नाही तो ही बुरशी फोडून देते, आणि वाळवी मग ती बुरशी व त्या चकत्या खाते. बुरशीला घर, ओल, ऊब आणि राखण मिळते. ही भागीदारी सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत सुरू झाली असे शास्त्रज्ञ मानतात. पाऊस नीट मुरला की बुरशी लांब मूळ वर सोडते, ते कधी हातभर मातीतून चढते आणि भुईवर छत्री उघडते. आम्ही खातो ते हे अळमे. उमललेल्या छत्रीतून बीजाणू पडतात, आणि बहुतेक जातींत नवीन वसलेल्या वाळवीला आपली बुरशी बाहेर पडलेल्या या बीजाणूंतूनच मिळवावी लागते. आईने मागे ठेवलेल्या चार अळम्यांचा अर्थ मला हे वाचल्यावर पूर्ण कळला. बाजारात आज कळ्यांना जास्त भाव आहे, म्हणून सगळीच्या सगळी न उमललेली खुडून नेली जातात. उद्याच्या रोयणीला मग बियाणे कुठून?

ट्रफलची जशी जगभर शेती उभी राहिली तशी या अळम्यांची व्यापारी लागवड अजून जमलेली नाही. वाळवीशिवाय ती येत नाहीत. म्हणजे रोयण हीच त्यांची बाग, आणि ती राखणे हीच आज शक्य असलेली लागवड. गोव्याला हे नव्याने शिकायचेही नाही. आमच्या गावोगावच्या सातेरीच्या देवळांत रोयणच पुजली जाते. देवाच्या राया, म्हणजे देवराया, लोकांनी कुऱ्हाडीपासून पिढ्यान्पिढ्या जपल्या. गोवा विद्यापीठात डॉ. नंदकुमार कामत यांनी या बुरशींवर अनेक वर्षे संशोधन केले आणि वर्तमानपत्रांतून लोकांना व सरकारला वारंवार सावध केले. ज्ञान देवळात होते आणि प्रयोगशाळेतही होते. ते राज्याच्या धोरणात का उतरले नाही, हा माझा प्रश्न आहे.

माझ्या तक्रारी आता एकेक करून लिहितो.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार डोंगरकापणीची. भूखंड पाडायला, रस्ता काढायला, बागेच्या नावाखाली जमीन सपाट करायला जेसीबी डोंगरात चढतो आणि सकाळी उभी असलेली रोयण दुपारी नसते. तिच्यासाठी पंचनामा होत नाही. झाड तोडायला गोव्यात परवानगी लागते. रोयण तोडायला कोणाला विचारावे लागत नाही. नगरनियोजन कायद्यातील १७(२) आणि ३९-अ या, जमिनीचा विभाग (झोन) बदलू देणाऱ्या, कलमांवरून गोव्यात रस्त्यावर आणि न्यायालयात जे झाले ते आपल्यासमोर आहे. त्या वादात शेते मोजली गेली, झाडे मोजली गेली, रोयणींचे नाव मी कुठे ऐकले नाही. माणसाच्या उंचीची रोयण उभी राहायला किती पावसाळे लागतात हे डोंगराजवळ राहणाऱ्याला विचारा. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या डोंगरांना आगी लागल्या तेव्हा वाळवीचा चारा असलेला पालापाचोळाच जळाला. पुढच्या पावसात आमच्या वरच्या अंगाला अळमी कमी आली, असे आमच्याकडच्या बायका सांगतात. हे निरीक्षण कोणीतरी शास्त्रीय पद्धतीने तपासायला हवे होते.

दुसरी तक्रार औषधाची. वाळवी दिसली की क्लोरपायरिफॉस ओता, एवढाच सल्ला शेतकऱ्यापर्यंत पोचतो. कोवळ्या माडाला आणि कलमांना वाळवी त्रास देते, मीही तो सोसला आहे. पण माडाच्या बुंध्याशी उपाय करणे आणि डोंगरावरच्या रोयणीच्या तोंडात विष ओतणे यांत फरक आहे, आणि तो शेतकऱ्याला समजावणारे एक साधे मराठी-कोंकणी पत्रकही माझ्या पाहण्यात नाही. त्याच विषारी मातीतून आलेले अळमे मग कोणाच्या तरी ताटात जाते.

तिसरी गोष्ट कायद्याच्या धुक्याची. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २९ मध्ये अभयारण्यातून परवान्याशिवाय वनोपज नेण्यावर बंदी आहे. अभयारण्यात व आसपास राहणाऱ्यांच्या घरगुती गरजेची दखल त्यातच आहे, विक्रीला मात्र मनाई आहे. वनहक्क कायदा, २००६ गौण वनोपजावरचा हक्क देतो, पण त्याच्या व्याख्येत मध, मेण, बांबू, कंदमुळे अशी नावे असताना अळम्यांचे नाव नाही. मग डोक्यावर टोपली घेऊन उतरणारी बाई गुन्हेगार की हक्कदार? आमच्या ओळखीच्या एका वयस्क बाईची टोपली वाटेत अडवून रिकामी करण्यात आली. कोणी केली ते लिहीत नाही. तिला मिळालेले उत्तर एवढेच होते की वरून आदेश आहे. त्याच दिवसांत मोटारी घेऊन येणारे दलाल हमरस्त्यावर उघड खरेदी करत होते. मला जंगल ओरबाडणारे नको आहेत. अळमी राखणाऱ्यांना आणि ओरबाडणाऱ्यांना एकाच काठीने हाकू नका, एवढेच मागतो.

आणि एक, जे बोलताना मला वाईट वाटते. किनारपट्टीच्या हॉटेलांत ट्रफलच्या नावाचे तेल बटाट्यांवर शिंपडले जाते, त्यातले बहुतेक तेल प्रयोगशाळेत बनवलेल्या वासाचे असते. त्याच गोव्यात अळम्यांचे तोणाक किंवा शागोती श्रावणात पाहुण्यांसमोर मानाने ठेवतात, पण ती डोंगरावरून आणणारी बाई भर पावसात रस्त्याकडेला उभी राहून विकते. काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, नंतर मानकुराद आंब्यालाही मिळाले. ते योग्यच झाले. अळम्यांचा प्रश्न मानांकनाने सुटणारा नाही, उलट मागणी आणखी वाढेल. आधी राखण, मग नाव.

आता मागण्या. त्या मोठ्या खर्चाच्या नाहीत.

ट्रफल लागवडीसंबंधी जुन्या गोव्यातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेचे आणि सोलनच्या मशरूम संशोधन संचालनालयाचे लेखी मत आपण मागवावे आणि ते मराठीत व कोंकणीत सर्व १९१ पंचायतींच्या फलकावर लावावे. ते येईपर्यंत या लागवडीला कोणतेही अनुदान, कर्जाची शिफारस किंवा सरकारी मेळाव्यात जागा देऊ नये. मुळांवरच्या बुरशीचा आणि विलगीकरणाचा दाखला असल्याशिवाय अशी रोपे राज्यात विकू देऊ नयेत. ज्यांनी आगाऊ पैसे भरले आहेत त्यांची तक्रार नोंदवून घेणारा एक अधिकारी वाळपईत बसवावा. शास्त्रज्ञांचे मत माझ्या म्हणण्याच्या उलट आले आणि थंड हवेशिवाय वाढणारी एखादी जात त्यांना योग्य वाटली, तर तो प्रयोग सरकारने स्वतःच्या फार्मवर करावा. गरीब बागायतदाराच्या कर्जावर नको.

रोयणींची गणना करा. जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे प्रत्येक पंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे, लोकांची जैवविविधता नोंदवहीही आहे. त्या वहीत अळमी येणाऱ्या रोयणींचे पट्टे नोंदवा, पण नेमकी जागा जाहीर करू नका, नाहीतर ती यादीच लुटारूंचा नकाशा होईल. ही नोंद करताना बायकांना सोबत घ्या आणि त्यांच्या दिवसाची मजुरी द्या. डोंगरात मशीन चढवण्याचा परवाना देताना ही नोंद पाहणे सक्तीचे करा. डिचोली तालुक्यातल्या सुर्ल इथली पुर्वतळी राय जैवविविधता वारसास्थळ ठरली, त्याच कलमाखाली सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि काणकोणमधले रोयणींचे चांगले उतार घ्या. लोकांची संमती घेऊन घ्या.

अळमी काढण्याचे साधे नियम गावांसोबत बसून ठरवा: हत्यार नको, काही अळमी उमलू द्यावीत, कळ्यांची घाऊक खरेदी बंद. अभयारण्याच्या कडेच्या कुटुंबांना ओळखपत्र द्या आणि त्यांचा हक्क कोणत्या कायद्याखाली, किती, हे एका लेखी आदेशात स्पष्ट करा. अडवाअडवी करायची असेल तर दलालाच्या मोटारीपासून करा.

ज्या बायकांना वर्षभर उत्पन्न हवे आहे त्यांच्यासाठी धिंगरी मशरूम आहे. ती भाताच्या पेंढ्यावर, घरच्या पडवीत, आमच्याच हवेत येते. तिला लागते ते शुद्ध बियाणे वेळेवर, आणि माल नासायच्या आत उचलणारी एक गाडी. ट्रफलसाठी ज्याला काही लाख खर्चायचे आहेत, त्याने आधी ही गाडी सुरू करावी.

आणि गोवा विद्यापीठाला रोयणींवर दीर्घकाळ, किमान दहा वर्षे चालेल असा अभ्यास सोपवा. प्रशियाच्या सरकारने आपल्या शास्त्रज्ञाला एक प्रश्न विचारला होता. आपणही एक विचारा: आमच्या डोंगरावरची अळमी कमी होत आहेत का, आणि कशामुळे?

या पत्राची प्रत मी माझ्या पंचायतीच्या जैवविविधता समितीला देत आहे आणि येत्या ग्रामसभेत हे मुद्दे ठराव म्हणून मांडणार आहे. त्या सभेला आपल्यापैकी एक जबाबदार अधिकारी यावा, आणि ट्रफलच्या रोपांबाबतचे उत्तर त्याने लेखी आणावे. रोपांचे पैसे भरण्याची मुदत मृगाच्या आधीची आहे, म्हणून उत्तरही त्याआधी हवे.

आपला,
सत्तरीतला एक बागायतदार